सहाव्या ठिकाणची टपालपेटी

भूगोलाच्या बाईंनी पाचवीच्या चाचणीसाठी शाळेच्या आसपासचा नकाशा स्वतः काढला. एक सेंटीमीटर म्हणजे वीस मीटर. सात ठिकाणं, सात प्रश्न. प्रत्येकाने नकाशा बघत हिंडायचं आणि उत्तरं लिहून आणायची.

सहावा प्रश्न होता, टपालपेटीचा रंग कोणता? चौतीस मुलांनी लिहिलं, लाल. पस्तिसावी मुलगी सगळ्यांत शेवटी परतली. वर्गात तिला ‘शंकासूर’ म्हणत. तिने लिहिलं होतं, ‘इथे पेटी नाही.’ बाईंनी फुली मारली.

ती टेबलापाशी आली. “बाई, सहावा प्रश्न चुकलाय.”

“तुझा चुकलाय, ते दिसतंच आहे.”

“माझा नाही, तुमचा. मी वळणापासून पावलं मोजली. दोनदा.”

बाईंचा पारा चढला. पण एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून शाळा सुटल्यावर त्या तिच्याबरोबर निघाल्या. मुलगी दर वळणावर कागद फिरवून रस्त्याशी जुळवून घेत होती. हे बाईंनी वर्गात दहादा सांगितलं होतं. करताना मात्र आजवर कुणी दिसलं नव्हतं.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाशेजारी ती थांबली. भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन.

“पेटी होय? ती कधीच काढून नेली,” दुकानदार म्हणाला.

बाई रोज तिथूनच जात. नकाशा मात्र घरी बसून, आठवणीवरून काढलेला.

“बाकीच्यांना सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. ते म्हणाले, बाईंनी नकाशात दाखवलीय म्हणजे असणारच.”

बाईंनी तिथेच पर्समधून लाल पेन काढलं आणि फुली खोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सरळ सांगून टाकलं, “सहाव्या ठिकाणी तुम्ही गेला नाहीत आणि मीही गेले नव्हते. नकाशा माझाच चुकला, म्हणून तुमचे गुण तसेच राहतील.”

“मग बाई, तुम्हाला किती गुण?” मागून कुणीतरी विचारलं.

“शून्य.” वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, जरा उशिराने.

पुढची चाचणी त्यांनी स्वतः फिरून, टेपने मोजून तयार केली. प्रश्न असे, की गेल्याशिवाय उत्तर मिळूच नये: खिडकीला गज किती, जिन्याला पायऱ्या किती. निम्मा वर्ग गडगडला. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं.

“मागच्या वेळी सगळ्यांना पैकीच्या पैकी, आणि आता हे काय?”

“मागच्या वेळी मी माझी आठवण तपासली होती,” बाई म्हणाल्या. “मुलांचं नकाशावाचन या वेळी तपासलं.”

शंकासुराला दहापैकी आठ मिळाले. दोन गुणांसाठी ती भांडायला आलीच. बाईंनी नकाशावर तिचं चुकलेलं वळण दाखवलं. तिने कागद फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, “हो, चुकलं.”