मुंग्या आल्या

हिमानीच्या घरात मुंगीला मज्जाव होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. मानेवाड्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून ती लाडू करून विकायची. डिंकाचे, मेथीचे, संक्रांतीच्या तोंडावर तिळाचे. लाडवाच्या डब्यात मुंगी निघाली की एक गिऱ्हाईक जात नाही, त्याची अख्खी सोसायटी जाते, हे तिने एकदा भोगलं होतं. तेव्हापासून ओट्याच्या कडेला हळदीची रेघ, गुळाच्या डब्याखाली पाण्याची ताटली आणि दाराच्या फटीत खडू. अशा घरात तिच्या सासऱ्यांनी मुंग्या पाळल्या.

आता घरात मुंग्या होणं वेगळं आणि मुंग्या पाळणं वेगळं. महादेवरावांनी रीतसर पाळल्या होत्या, पेटी आणून, दाणापाणी करून.

महादेवराव नरखेडकडचे. जन्म संत्र्याच्या बागेत गेला. बायको वारली तेव्हा बाग भाच्याच्या हवाली केली आणि मुलाकडे, उन्मेषकडे नागपूरला राहायला आले. उन्मेष सकाळी सहाला हिंगण्याच्या कारखान्यात जायचा, सून लाडवांत. म्हाताऱ्याने करायचं काय? पहिलं वर्ष त्यांनी गॅलरीत बसून समोरच्या इमारतीत कोणाचे कपडे कधी वाळतात ते पाहण्यात काढलं. मग एकदा फोनवर त्यांनी नातीला, म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या वैभवीला, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या मुंग्यांची गोष्ट सांगितली. या मुंग्या गवताचं बी वेचून बिळात नेतात, आत सोलतात आणि फोलपटं बाहेर आणून टाकतात. बिळाभोवती असा कोंड्याचा गोल पडतो की कोणी खळं केलंय असं वाटावं. वैभवी म्हणाली, "आजोबा, हे लोक घरी पाळतात." आणि आठ दिवसांत तिने काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची पेटी कुरियरने धाडून दिली.

राणी महादेवरावांनी स्वतः आणली. श्रावणात गावी गेले होते, तेव्हा धुऱ्यावर पंख गाळलेली एक जाडशी मुंगी त्यांना दिसली. गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत घालून, बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवून ते एसटीने परत आले. चार तासांच्या प्रवासात त्यांनी त्या खिशाला कोणाचा धक्का लागू दिला नाही. नंतर दीड महिना बाटली कपाटात अंधारात. उघडायची नाही, हलवायची नाही, खाऊ घालायचं नाही. राणी अंगच्या चरबीवर जगते आणि पहिली पिल्लं वाढवते, असं वैभवीने बजावलं होतं. त्या दीड महिन्यात त्यांनी हिमानीला त्या कपाटाचं दारही जोरात लावू दिलं नाही. मग एके सकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "नऊ पोरी झाल्या."

दीड वर्षात नऊच्या चारशे झाल्या. महादेवराव त्यांना ज्वारीची कणी, जवस, राळा घालायचे. कापसाचा ओला बोळा पाण्यासाठी. रॅकेटने मारलेला डास सापडला तर तोही, सणासुदीचा म्हणून. मुंग्या दाणा आत नेत, सगळ्या मिळून चावून त्याचा पिठाचा गोळा करत आणि तो बाळांना भरवत. कोंडा पेटीच्या एका कोपऱ्यात. दुसऱ्या कोपऱ्यात त्यांनी कधी कोंडा टाकला नाही. "तुह्या ओट्यापेक्षा साफ आहे," असं महादेवराव एकदा म्हणाले होते, आणि ते हिमानीला चांगलंच झोंबलं होतं.

तिचा धाक मात्र पहिल्या दिवसापासून साफ होता. "बाबा, पेटी तुमच्या खोलीत राहील. एक मुंगी जरी बाहेर दिसली, तर पेटी त्याच दिवशी नाल्यावर. मग माझ्याकडं तोंड घेऊन यायचं नाही."

"ह्या साखरेच्या नाहीत वं," महादेवराव समजावत. "ह्या दाणेवाल्या. तुह्या गुळाकडं पाहणारही नाहीत."

"गिऱ्हाईकाला मुंगीची जात कळत नाही."

 महादेवराव रोज पेटीच्या काठाला बोटाने व्हॅसलीन लावत, झाकण दोनदा दाबून पाहत आणि मगच झोपत. हिमानी कठोर होती असं नाही. सासऱ्यांची भाकर ती मऊ करायची, बीपीची गोळी हातात द्यायची. पण एकदा बोललेला शब्द परत घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. पंधरा किलो तिळगुळाची ऑर्डर, संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता. हिमानी कढईसमोर उभी. गुळाचा पाक असा असतो की जरा मान वर केली तर तो हातचा गेला. पाण्यात थेंब टाकला, अजून मऊ. दुसरा थेंब टाकायला चमचा उचलला तर दारात महादेवराव.

"हिमानी, मुंग्या आल्या वं."

तिने वळूनही पाहिलं नाही. घड्याळात पावणेबारा झाले होते. "काय?"

"मुंग्या आल्या. हाताले."

तिने गॅस बंद केला. पाक गेला, हे तिला बंद करतानाच कळलं, आणि मग तिच्या तोंडाला जे आलं ते सगळं गेल्या दीड वर्षाचं होतं. मी म्हटलं होतं की नाही? आज, आजच्याच दिवशी? पंधरा किलोचा माल उघडा पडला आहे आणि तुमच्या पोरी घरभर फिरून राहिल्या? खोलीत जाऊन तिने गादी उचलली, चादर गॅलरीत नेऊन झटकली, पलंगाखाली बॅटरी मारली, भिंतीच्या कडेने वाकून वाकून पाहिलं. पेटीचं झाकण नीट होतं. व्हॅसलीन ताजं होतं. म्हणजे फट दुसरीकडेच कुठंतरी असणार.

महादेवराव खुर्चीवर बसून होते. डाव्या हाताने उजवा हात चोळत. "बाहेर नाही वं," ते म्हणाले, जरा जड, थांबत थांबत. "आत आहेत."

"आत आहेत त तुमच्या हातावर कोण चढलं? माझ्या माहेरचे?"

 एरवी मुंग्यांवरून शब्दाला शब्द देणारा माणूस गप्प बसला, आणि खरं सांगायचं तर हिमानीला त्याचं बरं वाटलं. चूक कळली म्हणायची. तिने चिकटपट्टी आणून पेटीच्या सगळ्या कडा बंद केल्या, पेटी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. मग स्वयंपाकघरातलं सगळं झाकलं, तीळ चाळणीतून पाहिले, गुळाच्या ताटलीतलं पाणी बदललं. एक मुंगी सापडली नाही. साडेबारा वाजून गेले होते. तरी समाधान होईना, म्हणून ती परत खोलीत आली.

"दाखवा हात. बाहीत असेल एखादी."

तिने त्यांचा उजवा हात उचलला, बाही दंडापर्यंत सारली. मुंगी नव्हती. चावल्याची लाल खूणही नव्हती. हात गार होता, आणि त्याचं सगळं वजन तिच्या हातावर आलं होतं. माणूस हात देतो तेव्हा तो थोडा स्वतःही धरून ठेवतो. हा हात कोणीच धरलेला नव्हता. तिने सोडला तसा तो मांडीवर पडला. तिने वर पाहिलं तर महादेवरावांच्या ओठाची उजवी कड खाली आली होती.

आणि मग तिला ते वाक्य ऐकू आलं, जे तिने पाऊण तासापूर्वी ऐकलं होतं. हाताले मुंग्या आल्या. लहानपणापासून हजारदा ऐकलेलं, स्वतः बोललेलं. मांडी घालून बसलं की पायाला येतात त्या मुंग्या. आत आहेत, असंही म्हणाले होते ते.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ऑटोवाला वर आला, त्याने आणि तिने मिळून म्हाताऱ्याला जिन्यावरून उतरवलं. धंतोलीच्या दवाखान्यापर्यंत तिने त्यांचं डोकं खांद्यावर धरून ठेवलं. उन्मेषला फोन केला तेव्हा तिच्या हाताचा गूळ फोनला लागला. दवाखान्यात पोचल्या पोचल्या त्यांना चाकाच्या खाटेवर घेऊन आत नेलं, आणि एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"त्रास कधी सुरू झाला? वेळ नक्की सांगा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. वेळ चुकीची सांगितली तर त्याच इंजेक्शनने रक्तस्राव होऊ शकतो."

त्याच वेळी उन्मेष धापा टाकत आला, कारखान्याच्या निळ्या शर्टावरच. हिमानीच्या जिभेवर साडेबारा हे शब्द तयार होते. साडेबाराला हात धरून पाहिला, लगेच निघालो. कोणी विचारणार नव्हतं. विचारलं तरी सांगू शकणारा माणूस आत खाटेवर होता.

"पावणेबारा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. "दीड तास?"

"मी मुंग्या शोधत होते," हिमानी म्हणाली. आणि नवऱ्यासमोर सगळं सांगितलं. पेटी, धाक, गादी, चिकटपट्टी. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "याआधी कधी असं झालं होतं? हाताला मुंग्या, बधिरपणा?"

"नाही. कधीच नाही," ती ठामपणे म्हणाली. "झालं असतं त मले माहीत असतं."

वेळ हातात होती. इंजेक्शन दिलं गेलं. बाकड्यावर बसल्यावर उन्मेषने एवढंच विचारलं, "तुले कसं नाही समजलं?" ती म्हणाली, "त्यांनी मराठीतच सांगितलं होतं."  पण तिला एका गोष्टीचा आधार वाटत होता. निदान वेळ खरी सांगितली. घाबरून खोटं बोलले नाही. त्या दोन रात्री तिने या एकाच गोष्टीला धरून काढल्या.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीपुरती घरी गेली. कढईत गूळ दगडासारखा बसला होता. गॅलरीत पेटीतल्या मुंग्यांचं चाललं होतं ते चाललंच होतं, कोंडा आपल्या कोपऱ्यात, दाणा आत. तिला त्यांचा राग आला. तुमचं काय गेलं, असं वाटलं. तरी तिने चिकटपट्टी काढली, पेटी खोलीत नेऊन ठेवली आणि वरून चिमूटभर तीळ टाकले, कारण बोलता झाल्यावर म्हातारा हेच विचारणार होता.

तिसऱ्या दिवशी महादेवरावांची बोटं थोडी हलू लागली. बोलणं जाडसर होतं, पण समजत होतं. उन्मेष औषधं आणायला खाली गेला होता. हिमानी त्यांना चमच्याने पेज भरवत होती.

"तीळ घातले?" त्यांनी विचारलं.

"घातले बाबा."

ते दोन चमचे प्याले. मग म्हणाले, "शनिवारच्या आधी चार दिवसांपासून येऊन राहिल्या होत्या."

"कोण?"

"मुंग्या. हाताले. यायच्या, घडीभरानं जायच्या."

तिचा चमचा वाटीतच राहिला. "मग सांगितलं काहून नाही?"

"कसा सांगू?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट आपण केवढी शहाणपणाची गोष्ट केली असा थोडा तोराच होता. "मुंग्या आल्या म्हटलं असतं त तुले वाटलं असतं, पेटीतल्या सुटल्या. दुसरा शब्द आठवून पाहिला वं. सापडलाच नाही. शनिवारी मात्र पायही लटपटला. मंग म्हटलं, जाऊ दे पेटी." आणि ते चांगल्या बाजूच्या ओठाने हसले.

हिमानीला बसल्या जागी लाज वाटली, आणि ती लाज कुठं ठेवावी ते कळेना. दीड तास उशीर केला म्हणून ती तीन दिवस स्वतःला बोल लावत होती आणि वेळ खरी सांगितली म्हणून स्वतःची समजूत घालत होती. उशीर दीड तासाचा नव्हताच. चार दिवस हा माणूस तिच्या हातची भाकर खात होता, तिच्या हातून गोळी घेत होता, आणि शालीखाली हात चोळत सुनेला राग येणार नाही असा एखादा शब्द शोधत होता. आणि ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली होती, मले माहीत असतं.

तिने वाटी खाली ठेवली. डोळे पुसले, तेही त्यांच्यासमोरच.

"बाबा, आता काही झालं की पहिले मले सांगायचं. मुंग्या आल्या त मुंग्या आल्या म्हणायचं. सरळ."

महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं.  मग हळूच विचारलं, "सांगितल्यावर पेटी त नाही काढशील?"

 तिने मानेनेच नाही म्हटलं, आणि उठून डॉक्टरीणबाईंना शोधायला गेली. त्यांना चार दिवसांचं सांगायचं होतं.