ऊ फो चिटच्या नावाचं पाणी

लष्कराची तुकडी निघाली अशी बातमी आली की काय करायचं, हे मज्जीगों गावातल्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं. घंटा बडवायची, बैल जुंपायचे आणि नदीपलीकडचं रान गाठायचं. सरकारला हा मुलूख बंडखोरांकडून परत हवा होता. मुलूख हवा होता, माणसं नको होती. म्हणून तुकडी पुढे गेली की माणसांनी परत यायचं आणि जे जळलं नसेल त्यात राहायचं.

या खेपेला डो सेन यीच्या घरची गाडी निघाली नाही. तिची लेक मा ट्वे, तिचे दिवस भरले होते. गाडीचे धक्के बसले तर वाटेतच मोकळी होशील, असं सुईणीने बजावलं होतं. तेव्हा मायलेकींनी आणि जावई को मिन हान याने गावामागच्या ताडांखालच्या घळीत लपायचं ठरलं. को मिन हान ताडी काढायचा, घळ त्याच्या पायाखालची होती. वर काटेरी जाळ्या, आत गारवा. तुकडी थांबून थांबून किती थांबणार? तेवढा वेळ जीव मुठीत धरून बसायचं.

गाव रिकामं होत असताना को झो लाट चिंचेखाली थांबला. हा गावातल्या बंडखोर पोरांचा म्होरक्या. एके काळी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता बंदुका दुरुस्त करायचा. चिंचेखाली डो सेन यीचा पाण्याचा मांडव होता. कौलारू छपराखाली माठ, झाकणावर पेला, वर फळी. फळीवर रंगवलेलं होतं, 'ऊ फो चिट यांच्या पुण्यासाठी. येईल त्याने प्यावं.' ऊ फो चिट तिचा नवरा. उन्हाळ्यात शेतावरून येताना याच वाटेवर कोसळला होता, आणि तोंडात पाणी घालायला जवळ कोणी नव्हतं. तेव्हापासून तिने एक सकाळ चुकवली नव्हती.

"मावशी, माठ पालथे घाला," को झो लाट म्हणाला.

"का रे?"

"का म्हणजे? साहेब लोकांना गार पाणी पाजायचंय? मग वर पंखा पण लावू या."

"येईल त्याने प्यावं, असं लिहिलंय. कोण येईल ते लिहिलेलं नाही."

"माझ्याकडे खडू आहे. लिहून देतो."

ती हसली, तोही हसला. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तिळावर फवारायचं औषध आहे एक बाटली. माठात थोडं टाकलं तर..."

"माझ्या नवऱ्याच्या पाण्यात? हात मोडून ठेवीन तुझा."

"बरं बाई, राहिलं. पण रिकामे तरी ठेवा. तिकडे कोरडे घसे घेऊन फिरू देत त्यांना."

एवढं तिने कबूल केलं. त्याच्यासमोरच तिने माठ रिते केले आणि पेला पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी डो सेन यीला घळीत जाग आली. रोजचीच वेळ. लेक कण्हत झोपली होती, जावई वरच्या कडेला राखणीला. नुसतं बघून येऊ, असं तिने मनाशी म्हटलं. तुकडी आज थोडीच येतेय. जावयाला खूण करून ती निघाली. चिंचेखाली पोचली, कोरड्या माठात हात घातला, आणि तिला नवऱ्याचे फाटलेले ओठ आठवले. अगदी जसे पाहिले होते तसे. पुढचं सगळं हातांनीच केलं. तळं चिंच आणि घळ यांच्या मधोमध होतं, कावड तिथेच पडलेली. माठ काठोकाठ भरले, पेला विसळून झाकणावर ठेवला, हात जोडले.

परत आली तेव्हा मा ट्वे जागी होती.

"कुठे गेली होतीस?"

"परसाकडे."

लेकीशी खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं.

ऊन वर आलं आणि तुकडी आली. घळीच्या तोंडाशी पालथी पडून डो सेन यी जाळीतून बघत होती. धुळीने माखलेली पोरं माठांवर तुटून पडली. एकाने पिऊन झाल्यावर फळीला हात जोडले, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. मग कॅप्टन आला. चष्मेवाला, तरुण. तो प्यायला नाही. त्याने माठाच्या पोटावरून हात फिरवला, वाकला आणि माठाखालची वाळू चिमटीत घेतली.

तो काय बघतोय ते डो सेन यीला कळलं. कालपासून भरलेला माठ असता तर पाझरून खालची वाळू ओलीचिंब झाली असती. ही वाळू कोरडी होती. माठ आत्ताच भरलाय आणि भरणारं माणूस जवळच आहे, हे त्याला कळलं होतं. कोणत्या तरी खेड्यातल्या माऊलीचाच मुलगा असणार तो, नाहीतर हे त्याला कुठून ठाऊक?

कॅप्टन तळ्याकडे चालायला लागला. तळ्यापर्यंत तिची पावलं होती, आणि तळ्यापासून घळीपर्यंतही. ती जावयाला म्हणाली, "तिला सांभाळ." लेकीकडे न बघताच ती वळसा घालून झुडपांतून बाहेर पडली आणि सरळ त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, पाणी तुम्ही भरलंत?" कॅप्टनने अदबीने विचारलं. "मोठं पुण्य. एकट्याच आहात?"

"एकटीच. मला म्हातारीला कोण नेणार?"

"या, या. पोरांना तुमच्या हातचं प्यायचंय."

तो तिला चिंचेखाली घेऊन आला. एकाने मोबाईल वर धरला, दुसऱ्याने तिच्या हातात पेला दिला. जेवढा वेळ हे चाललंय तेवढा वेळ हे इथे आहेत, असा हिशेब करून तिने पाजलं. सांगितलं तेव्हा हसलीसुद्धा.

"आणि तळ्यापलीकडे पावलं कोणाची?" फोटो झाल्यावर त्याने विचारलं.

"माझीच. परसाकडे गेले होते."

"एवढ्या लांब?" कॅप्टन हसला आणि त्याने माणसं घळीकडे पाठवली.

ती माणसं घळीजवळ पोचायच्या आतच ताडांमधून को मिन हान उठला आणि उलट्या बाजूला, उघड्या माळावर पळत सुटला. लपायला तिकडे काही नव्हतं. म्हणूनच तिकडे पळाला. सगळे त्याच्या मागे धावले. गोळ्यांचे आवाज आले तेव्हा डो सेन यीच्या हातात पेला तसाच होता. कॅप्टनने तो हळूच काढून घेतला आणि उरलेलं पाणी प्यायला. घळीत मग कोणी गेलं नाही. मा ट्वे तिथेच, तोंडात लुंगीचा बोळा कोंबून, एकटी बाळंत झाली. मुलगी झाली.

गाव परत आलं तेव्हा घरं जळलेली होती, आणि को मिन हानचं प्रेत माळावरून उचलून आणावं लागलं. पाण्याचा मांडव शाबूत होता. साहेबांनी सांगितलं असणार, पुण्याच्या कामाला हात लावू नका.

को झो लाट अंधार पडायच्या सुमारास लपतछपत आला. त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. सरकारी बातमीत तिचा फोटो होता, पेला पुढे करून हसताना. 'मुक्त झालेल्या गावात जवानांचे स्वागत.'

"आमची पोरं म्हणतायत, मावशी खबरी आहे," तो म्हणाला.

"मग करा की जे करायचं ते."

"तुम्ही खबरी नाही हे मला माहीत आहे. खबरी असतात तर सोपं होतं." एवढं बोलून तो गेला.

आता टेकाडावर लष्कराची चौकी आहे. डो सेन यी रोज माठ भरते. गावातलं कोणी चिंचेखाली थांबत नाही. चौकीवरची पोरं मात्र उतरून येतात, पोटभर पितात, ऊ फो चिटच्या फळीला हात जोडतात.

परवा भर दुपारी मा ट्वे तान्हीला घेऊन तिळाच्या रानातून येत होती. डो सेन यी पेला भरून वाटेवर उभी राहिली. इतके दिवस लेक तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मा ट्वे पेल्यावरून नजर हटवून तळ्यात उतरली, म्हशींनी गढूळ केलेलं पाणी ओंजळीने प्यायली, ओल्या बोटाने मुलीचे ओठ पुसले आणि वर आली.

"गार आहे गं," डो सेन यी म्हणाली. "पोरीचं तोंड तरी पूस याने."

मा ट्वे थांबली.

"परसाकडे गेले होते म्हणालीस," ती म्हणाली, आणि घराकडे चालायला लागली.