टाळूच्या तेलाचा थेंब

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. जुना म्हणतो खरा, पण माझं वय काही फार नाही. एकाच हिवाळ्यात मी म्हातारा झालो. कसा झालो, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

मी अंगानं अगदी सडपातळ. मिटलो की तुमच्या कंपासपेटीत मावेन. मूठ काळ्या लाकडाची, पातं पोलादाचं, आणि पात्याच्या पाठीवर नख अडकवायला एक खाच. त्या खाचेत नख घातलं की मी 'टक्' करून उघडत असे. इंदापूरच्या बाजारात फडक्यावर कात्र्या-अडकित्ते मांडून बसलेल्या एका माणसाकडून मला अंथुर्ण्याच्या दत्तोबांनी घेतलं. त्यांचे मित्र सावळाराम सोबत होते. त्यांनी मला दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं.

"दत्तोबा, ह्यो चाकू हाय का कान कोरायची काडी?"

"आसू दे रं. खिशात हाय का न्हाय, कळत बी न्हाय. आन काम पडलं की टक्कदिशी हजर. जाडजूड आसून काय करायचंय, तुझ्यासारखं?"

ते ऐकून मी मिटल्या मिटल्या सुखावलो होतो.

दत्तोबांच्या खिशात माझे दिवस मजेत गेले. द्राक्षाच्या बागेत सुतळी कापायची, खताच्या पोत्याची शिवण उसवायची, दुपारी बांधावर बसून पेरूच्या फोडी करायच्या. संध्याकाळी दत्तोबा मला धोतराच्या सोग्याला पुसायचे, सांध्यात तेलाचं बोट लावायचे आणि उगाच दोनदा उघडून मिटायचे. 'टक्' ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं.

मग घरात छकुली आली. दत्तोबांची नात. त्यांची सून रेश्मा बाळंतपण आटपून माहेराहून परतली, त्याच दिवशी तिची सासू ठमाबाई म्हणाली, "पोरीच्या उशाला लोखंड पायजे. तुमचा चाकू द्या हिकडं."

"माझा चाकू?"

"मग काय कोयता ठिवू?"

दत्तोबांनी मला खिशातून काढून दिलं. खरं सांगतो मित्रांनो, मला केवढा मान वाटला! एवढ्याशा जिवाची राखण माझ्यावर! रेश्मानं मात्र मला पाहून ओठ मुरडले.

"आत्याबाई, एवढुसा हाय की ह्यो. ह्याला कोण भ्यायचं?"

"त्यानं काय करायचं न्हाय. निस्तं पडून ऱ्हायाचं. आन ध्यानात ठेव, राखणीचं लोखंड उघडायचं न्हाय, हलवायचं न्हाय. पोरगी जाईल तितं त्यानं जायचं, बास."

असा मी जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळला गेलो आणि छकुलीच्या दुपट्याखाली जाऊन पडलो. तिच्या पाठीची ऊब मला लागायची. ती झोपेत हसली की मला समजायचं. पण बाळ म्हटलं की ओलं व्हायचंच. रेश्मा धावत येऊन दुपटं बदलायची, तिला कोरडं करायची, पापा घ्यायची. मी मात्र ओलाच. चिंधी वाळायची, पुन्हा भिजायची. सांध्यात काहीतरी खरखरीत साचू लागलं. एकदा दत्तोबांनी मला चाचपलं.

"जरा पुसून ठिवतो की गं."

"ऱ्हाऊ द्या. पोरीला काय झालं म्हंजी?" ठमाबाई म्हणाली, आणि त्यांनी हात मागं घेतला. कुणाचंच वाईट नव्हतं मनात. सगळे छकुलीवर माया करत होते, आणि त्या मायेखाली मी गंजत होतो.

ती दुपार मी विसरणार नाही. दत्तोबा इंदापूरला गेले होते. ठमाबाई विळा घेऊन लांबच्या रानात घास कापत होती. रानातल्या गोठ्याजवळ लिंबाला झोळी बांधून रेश्मानं छकुलीला निजवलं होतं. झोळीत तिच्याखाली मी. शेजारी पाण्याच्या खोल चारीच्या काठाला चंद्री गाय बांधलेली. चंद्री गाभण होती, दिवस भरत आले होते.

चारीच्या ओल्या काठावरून चंद्रीचे मागचे पाय घसरले. ती आडवी चारीत गेली आणि नायलॉनचं दावं खुंट्याला ताणलं गेलं. मान वर लटकली. डोळे पांढरे झाले, जीभ बाहेर आली.

"आत्याबाई! आवं आत्याबाई!" रेश्मा ओरडली. विहिरीवरची मोटार चालू होती. कुणाला ऐकू जाणार?

तिनं गाठ सोडायला नखं घातली. ताणलेली गाठ दगडासारखी झाली होती. तिनं चंद्रीला खांदा लावून पाहिलं. एवढं धूड तिला कसं उचलणार? मग तिला मी आठवलो. झोळीत हात घालून तिनं मला ओढून काढलं, चिंधी भिरकावली, खाचेत नख घातलं.

मी उघडलो नाही.

मित्रांनो, मला उघडायचं होतं! माझं सगळं पातं आतून धडपडत होतं. पण सांध्यात गंजानं मला धरून ठेवलं होतं. रेश्माचं नख मोडलं, बोटाला रक्त आलं. तिनं दातांनी ओढलं.

"उघड की रं मुडद्या! उघड! तिच्या पोटात वासरू हाय रं!"

झोळीत छकुली टाहो फोडून रडत होती. चंद्रीच्या घशातला आवाज हळूहळू बंद होत होता. मी आयुष्यभर ज्या 'टक्'चा तोरा मिरवला, तो एक आवाज मला काढता येत नव्हता. मला वाटलं, मला दगडानं ठेचून टाकावं.

रेश्माची नजर झोळीखालच्या पिशवीकडं गेली. छकुलीची टाळू भरायची तेलाची बाटली! तिनं बूच दातानं उपटलं आणि सगळी बाटली माझ्यावर ओतली. मला दगडावर आपटलं, पुन्हा ओढलं. 'कर्र' करत मी अर्धा उघडलो. तेवढंच. अर्ध्या उघड्या, बोथट, गंजक्या पात्यानं ती दावं घासू लागली. एक पदर तुटला. दुसरा तुटता तुटता माझं टोक मोडून पडलं. तरी ती घासतच राहिली. मग दावं आपणच फाटकन तुटलं आणि चंद्री धपकन खाली पडली.

ती हलेना. रेश्मा चारीत उतरून तिच्या गळ्यातला फास सैल करत होती, मान चोळत होती. "चंद्रे, श्वास घे गं माझे बाय. घे की." बराच वेळ काहीच नाही. मग नाकपुडीजवळचा चिखल जरासा हलला.

संध्याकाळी दत्तोबांनी मला हातात घेतलं. मोडकं टोक, तांबूस पातं. ते खाली मान घालून सोग्यानं मला पुसत बसले. ठमाबाई म्हणाली, "माझंच चुकलं. राखणीला बसवलं आन त्याच्याकडं कुणी बघितलंच न्हाय."

पुढं चंद्रीला कालवड झाली. चंद्रीच्या गळ्याभोवती दाव्याचा वळ अजून आहे.

छकुलीच्या उशाला आता बैलाच्या खुराला ठोकतात तसली जुनी लोखंडी पत्री असते. ठमाबाईचं समाधान होतं आणि पत्रीला उघडावंही लागत नाही. मी घरातल्या कोनाड्यात, पोरीच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर असतो.

मित्रांनो, ज्याच्यावर राखणीचं काम सोपवाल, त्याला नुसतं मानाच्या जागी निजवून ठेवू नका. त्याला अधूनमधून उघडून बघा, पुसा, विचारपूस करा.

रेश्मा तसंच करते. रोज सकाळी ती छकुलीला मांडीवर घेऊन तिची टाळू भरते आणि बोटाला उरलेला थेंब माझ्या सांध्याला लावते. मग मला उघडते. माझं 'टक्' काही परत आलं नाही, 'कर्र' असंच वाजतं. पण ते वाजलं की छकुली बोळकं पसरून हसते.

"हसती बघ कशी," रेश्मा मला म्हणते. "आता मुडदा न्हाय म्हणायची तुला."