मधमाशी जनावर आहे का?

निशाणी चौदा — मधाची छोटी बाटली, झाकणाला लाख, आत काचेला चिकटलेला मेणाचा कण... आणि न्यायाधीशबाईंच्या लक्षात आलं, की वकील बोलायचे थांबलेत आणि सगळी खोली आपल्याकडे बघतेय.

"हं, पुढे," त्या म्हणाल्या.

दावा एवढासाच. निवृत्त नर्सबाईंनी गच्चीत मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या होत्या; खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या मुलीला माशी डसली, हात कोपरापर्यंत सुजला, आणि मास्तरांनी साठ वर्षांपूर्वीचा नियम हुडकून काढला — राहत्या इमारतीत 'गुरे, कोंबड्या वा इतर जनावरे' पाळू नयेत. मधमाशी जनावर की नाही, एवढंच ठरवायचं. शब्द म्हणजे शब्द, त्याच्या पलीकडे डोकावणं आपलं काम नव्हे, असं नव्या न्यायाधीशांना त्या स्वतःच ठणकावून सांगत आल्या होत्या... मग आज नजर पुन्हा पुन्हा त्या बाटलीकडे का वळतेय?

"मी पाळत नाही हो त्यांना," नर्सबाई म्हणाल्या. "त्या आपल्या मनानं येतात-जातात. मी नुसती जागा दिलीय."

"आणि डसायला आमच्याकडे येतात," मास्तर म्हणाले, आणि त्यांनाच हसू फुटलं.

नियम लिहिणाऱ्याच्या नाकात शेणाचा वास असणार, कानाशी कोंबडा. माशी त्याच्या गावीही नसेल. मग इमान राखायचं कुणाशी — त्याच्या शब्दाशी, की त्याच्या नाकाशी? शिंपीकाम करणारे त्यांचे वडील म्हणायचे, टेप खरंच सांगते गं, पण माणूस श्वास घेतो हे तिला कळत नाही. कापड दोन बोटं सैल सोड. त्यांचं ते अंदाजानं सोडणं लेकीला मुळीच पटायचं नाही — म्हणून तर ती कायद्याकडे वळली... पण दोन बोटं सोडायची तरी कुणासाठी? त्या पेट्यांसाठी, की त्या सुजलेल्या हातासाठी?

"उद्या सकाळी मी गच्ची बघायला येते," त्या म्हणाल्या. शिरस्तेदारांनी लिहिता लिहिता मान वर केली. तीस वर्षांत बाई खुर्ची सोडून कुठे गेल्या नव्हत्या.

"तेवढा काळा कोट नको, मॅडम," नर्सबाई म्हणाल्या. "काळ्यावर चिडतात त्या."

संध्याकाळी न्यायाधीशबाई पायीच घरी निघाल्या. निकाल कुणाच्या बाजूनं लागेल, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. एरवी हे न कळणं दातात अडकलेल्या सुपारीसारखं सलायचं — आणि आज, वळणावर उगीचच थांबून, त्यांना वाटत होतं की आणखी थोडा वेळ ते कळू नये...