निळ्या शेपटीचे मासे

लातूरच्या कॉलेजातून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालेला नागसेन घरी एकटाच असे. बायको गेली होती, मुलगी लुंबिनी पुण्याला. सोबतीला होत्या काचेच्या चार टाक्या आणि त्यांतले बोटाएवढे सिक्लिड मासे, दूर अमेझॉनच्या एकाच ओढ्यातले, निळ्या शेपटीचे. त्यांचे लाल शेपटीचे भाऊबंद दुकानात मिळत. दोन्ही एकत्र सोडले, की दोनचार पिढ्यांत निळा रंग हरवतो. म्हणून नागसेन आणि नांदेडचा संगमेश, दोघा मित्रांनी अकरा वर्षं निळे वेगळे सांभाळले होते. एकाचे मेले, तर दुसऱ्याकडून आणायचे.

उन्हाळ्यात संगमेश अचानक वारला. दोन महिन्यांनी नागसेनचा शेवटचा नर मेला. दोन माद्या उरल्या. तो नांदेडला गेला.

संगमेशच्या बायकोनं, जगदेवीनं, मोठ्या हौसेनं टाकी दाखवली. "लाल, निळी येगळी येगळी कशाला ठेवायची म्हणलं, एकटी पडतेत बिचारी. समदी एकात सोडली. बघा भाऊजी, किती पिल्लं झाली."

टाकीत लाल-निळी, मळकट शेपटीची पिल्लं फिरत होती. माद्या तर दोन्ही प्रकारच्या सारख्याच दिसतात. नागसेन वाकून एकेक मासा न्याहाळू लागला. एका डोळ्यानं आंधळा, संगमेशचा म्हातारा निळा नर मात्र त्याला ओळखता आला. तेवढा मागून तो परतला.

महिनाभरानं मादीनं अंडी घातली. चौदा पिल्लं जगली. म्हातारा नर मेला. नागसेननं संगमेशला सांगायला म्हणून फोन हातात घेतला आणि तसाच बसून राहिला. आता ही चौदा एकाच घरात होती. एक दिवस पाणी बिघडलं, की संपलं.

आठ दिवसांनी त्यानं जगदेवीला फोन करून सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तव्हाच का न्हाई बोललात?"

"तुमी एवढ्या हौसेनं दाखवत होतात, वहिनी. कसं बोलावं?"

"तीस वर्सं संसार केला. घंटा घंटा टाकीपुढं बसायचे. ह्यांनी मला कधी यातलं कायबी सांगितलं न्हाई." मग म्हणाली, "सात आणा. येगळी ठेवते. पाणी कसं बदलायचं तेवढं लिहून द्या."

त्यानं ते दोन पानं भरून लिहिलं. रविवारी मांडीवर पाण्याचा डबा घेऊन तो नांदेडच्या बसमध्ये बसला.