मुळं घट्ट असतात

सकाळी दिवा लावून पाठ संपेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. हा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या दिवशी हे आतल्या खोलीतून ओरडत होते, "अगं ए! गळले! सगळे गळले! ऐकतेस का?"

ऐकत होते. तोंड पाठ म्हणत होतं आणि कान आत होते. शेवटची ओळ झाली, हात जोडले, वात सारखी केली आणि आत गेले. हे पलंगावर उशी मांडीवर घेऊन बसले होते. पांढऱ्या अभ्र्यावर बारीक काळे केस, पेन्सिलीला टोक काढल्यावर पडतो तसा भुगा.

तीन आठवड्यांपूर्वी यांनी डोक्यावर केस लावून घेतले होते. मानेच्या बाजूचे केस मुळासकट काढायचे आणि पुढच्या टकलावर एकेक करून रोवायचे, अशी ती शस्त्रक्रिया. हे फरशांच्या शोरूममध्ये विक्री सांभाळतात. गिऱ्हाईक आधी तोंड बघतं आणि मग फरशी, असं यांचं म्हणणं. माझी ना नव्हती. सुरुवातीचे दिवस टेकून बसूनच झोपायचं, खाली वाकायचं नाही, डोक्याला हात लावायचा नाही. मी फवाऱ्याची बाटली घेऊन यांच्या मागे उभी असायची आणि कुंडीतल्या रोपावर मारावं तसं मिठाचं पाणी मारायची. बुटाच्या नाड्याही मीच बांधल्या.

"आता काय करायचं?" यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. लावलेले केस आधी गळतात. मुळं आत घट्ट असतात. मग नवे येतात."

"नक्की ना?"

"तुमच्यासमोरच सांगितलं त्यांनी. तुम्ही तेव्हा आरशात बघत होतात."

डोक्याला हात लावायची यांना अजून भीती, म्हणून सुटकेचा हात छातीला लावला. मी चहा टाकायला गेले. आधण आलं नाही तोच आतून बोलणं ऐकू आलं. आवाज यांचाच, पण असा आवाज मी इतक्या वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता.

"हे बघ बाळा, घाबरायचं नाही. रडू आलं तर रड, लाजू नकोस. उशीवर आपलेच केस बघून कसं होतं, मला माहीत आहे. पण मुळं घट्ट असतात. गळतात ते परत येण्यासाठीच. मी आहे ना. केव्हाही फोन कर."

यांच्याच आठवड्यात ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांचा क्लिनिकने फोनवर एक गट करून दिला होता. त्यात कुणाला खाज सुटली, कुणाचं कपाळ सुजलं, कुणाला झोप नाही, की सगळे यांना विचारायचे. यांना तिथे कॅप्टन म्हणायचे. आता ज्याला बाळा म्हटलं तो एक लग्न ठरलेला पोरगा होता. त्याचं गटातलं नावच नवरदेव.

चहा उतू गेला. जाऊ दिला.

गेल्या वर्षी माझ्या उशीवर केस होते. भुगा नव्हे, झुपके. कॅन्सरची औषधं चालू होती. कमरेखाली जाणारी माझी वेणी, ती अशी मूठमूठभर हातात येत होती. मीही उशी अशीच मांडीवर घेऊन बसले होते. हे दारात आले, बघितलं आणि म्हणाले, "मी बाहेरच्या खोलीत झोपत जातो. तुला नीट झोप मिळेल." आपली उशी आणि चादर काखेत मारून गेले. दुसऱ्या दिवशी स्कार्फ आणून दिला, राखाडी, चांगला मऊ. "घरातसुद्धा बांधत जा. कुणी ना कुणी येतं." हॉस्पिटलमध्ये एकदाही पाऊल टाकलं नाही. "मला तिथला वास सहन होत नाही गं." आधी धाकटी जाऊ सोबत यायची. तिची बदली झाल्यावर मी एकटीच जात राहिले.

आणि मी यांना सांभाळून घेतलं! स्वतःला समजावलं, एखाद्याला नाही जमत. जीव असतो, शब्द नसतात. कुणी विचारलं की मी हसून म्हणायची, "यांचं प्रेम मुकं आहे."

मुकं! जमत होतं की. इतकं छान जमत होतं. शब्द होते, आवाज होता, बाळा होतं. फक्त ते बाहेर वाटायचे होते. घरात वाटले असते तर संपले असते बहुतेक.

आणि त्या वासाचं काय? त्याच नाकाने हे क्लिनिकमध्ये अख्खा दिवस स्पिरिटच्या वासात पडून होते. नवरदेवाला डोकं धुवायला एकट्याला जायची भीती वाटत होती, तर त्याच्यासोबत गेले आणि तिथे बसून राहिले.

येत्या गुरुवारी माझी तपासणी होती. दुखणं गेलं की परत आलं, ते कळणार होतं. मी आधीच विचारलं होतं, "याल का?" हे म्हणाले होते, "बघतो. गुरुवारी माल उतरतो."

दिवा लावताना मनात राग नसावा म्हणतात. त्या आठवड्यात माझा दिवा रागानेच पेटत होता. देवाला तसं सांगितलंही.

रविवारी कॅप्टनची माणसं घरी आली. नवरदेव, एक बेकरीवाले आणि निवृत्त झालेले एक मास्तर. तिघांच्या डोक्यावर सैल टोप्या, जिना चढून येताना चोरासारखे. यांनी दार उघडलं आणि हात पसरून म्हणाले, "काढा टोप्या! या घरात लाजायचं नाही!"

मी स्वयंपाकघरात होते. माझ्या डोक्याला राखाडी स्कार्फ होता.

टोप्या निघाल्या. लाल ठिपक्यांची चार डोकी दिव्याखाली एकत्र आली. एकमेकांची बघणं चाललं होतं, शेजारणी एकमेकींची लोणची चाखतात तसं.

"मास्तर, तुम्ही या वयात कशाला हो?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"बायको म्हणाली, भिंतीवर लावायचा फोटो तरी बरा येऊ दे."

"आणि तुमचं काय, बेकरीवाले?"

"पावात केस सापडला तर गिऱ्हाईक आजवर माझ्यावर संशय घेत नव्हतं. आता घेईल, एवढाच फायदा."

सगळे खो खो हसले. मलाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अजून राग आला. माणसं चांगली होती.

चहा घेऊन गेले तर बेकरीवाले सारखा चष्मा काढत आणि घालत होते. कानामागची जागा हुळहुळी होती. तिथूनच केस काढलेले, आणि काडी नेमकी तिथे टोचत होती. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. औषधं चालू होती तेव्हाही करत होते, फक्त गिऱ्हाईकांसमोर न बसता आतल्या खोलीत भिंगं घासायची. "द्या इकडे," म्हटलं. काडी गरम पाण्यात धरली, मऊ झाल्यावर वळण जरा मागे नेलं, पुसली आणि त्यांच्या कानावर बसवली.

"आहाहा! वहिनी, आता कळतच नाही चष्मा आहे म्हणून." मग त्यांनी नीट माझ्याकडे पाहिलं. चष्मा बसला तसं दिसलं असणार. "तुम्हीपण करून घेतलंत की काय? नाही, स्कार्फ बघून विचारलं."

"छे छे!" हे माझ्याआधी बोलले. हसत बोलले. "तिला सायनसचा त्रास आहे. वारा बाधतो."

पंखा बंद होता. खिडक्या लावलेल्या होत्या.

माझा आवाज कधी चढत नाही. राग आला की तो खाली जातो. मी कपबशा ट्रेमध्ये ठेवल्या आणि म्हणाले, "सायनस नाही. मला कॅन्सर झाला होता. औषधांनी केस गेले. अजून धड आलेले नाहीत, कोंबडीच्या पिल्लासारखी लव आहे. यांना बघवत नाही म्हणून बांधते."

नवरदेव पोरकटपणे बोलून गेला, "पण कॅप्टन, तुम्ही तर म्हणालात, उशीवर केस बघून कसं होतं ते तुम्हाला..." आणि मधेच थांबला.

"त्यांना माहीत आहे," मी म्हणाले. "माझ्याच उशीवर बघितलंय त्यांनी. दारातून."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "आता बरं आहे ना, ताई?"

"गुरुवारी कळेल. तपासणी आहे."

"कॅप्टन असतीलच बरोबर."

"नाही," मी म्हणाले. "गुरुवारी फरशा उतरतात."

माणसं लवकर उठली. जाताना त्यांनी टोप्या घातल्या, पण आता कुणापासून लपायला म्हणून नव्हे. खाली बघायला काहीतरी निमित्त हवं होतं.

दार लागलं आणि हे माझ्यावर उलटले. "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"दुखणं मला झालं. अब्रू तुमची कशी गेली?"

"काय गरज होती सांगायची? सर्दी म्हटलं तर काय बिघडलं?"

"मी जे जगले, त्याला तुम्ही सर्दी म्हणालात. ते बिघडलं."

"हे बघ, तू कधी काही मागितलंस का? सकाळी उठून दिवा लावायचीस. तोंडातून ब्र नाही. मला वाटायचं, हिचं बरं आहे, हिला देव आहे."

यावर माझा आवाज इतका खाली गेला की यांना पुढे वाकून ऐकावं लागलं, आणि वाकायची भीती तर यांच्या मनातून अजून गेली नव्हती. तसेच अर्धे वाकून उभे राहिले.

"देव आहेच," मी म्हणाले. "पण देव उशीचा अभ्रा बदलायला येत नाही. त्यासाठी त्याने माणूस दिलेला असतो. मी पाठ म्हणताना गप्प असते ती नेमाने. बाकीच्या वेळी गप्प होते, कारण ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. तुम्ही तुमची उशी घेऊन गेला होतात."

हे खुर्चीत बसले. बराच वेळ डोळे पुसत राहिले. डोक्याला हात लागू नये याची काळजी तेव्हाही घेत होते, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. "मला भीती वाटायची गं," शेवटी म्हणाले. "तू जाशील याची."

"मग तेच म्हणायचं होतं. मला भीती वाटते, एवढंच. एका पोराला रड म्हणालात, लाजू नकोस म्हणालात. ते माझंच वाक्य होतं, मुळं घट्ट असतात. त्या सकाळी मी तुम्हाला दिलं आणि चहा व्हायच्या आत तुम्ही ते गावाला वाटून मोकळे झालात. मला परत म्हणावंसं नाही वाटलं?"

"गुरुवारी मी..."

"गुरुवारी फरशा बघा."

चार दिवस मी यांच्याशी कामापुरतं बोलले. डोकं धुऊन दिलं, शाम्पूचा फेस हलक्या हाताने थापून दिला, कारण तो माझा धर्म. हात हलका होता. मन नव्हतं.

गुरुवारी दिवा लावून उठले तर खाली हॉर्न वाजला. बेकरीवाल्यांची डिलिव्हरीची गाडी. पुढच्या बाकावर मास्तर, मांडीवर थर्मास.

"फेरी संपली वहिनी," बेकरीवाले खिडकीतून म्हणाले. "हॉस्पिटल वाटेवरच आहे माझ्या."

वाटेवर नव्हतं. बेकरी दुसऱ्या टोकाला आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

"बारकं पोर आलं असतं," मास्तर म्हणाले, "पण साखरपुड्याची अंगठी घ्यायला गेलंय. तुम्हाला निरोप आहे त्याचा, रडू आलं तर रडा म्हणाला."

माझ्या डोक्याला काही नव्हतं. स्कार्फ वर खुंटीला होता. दोघांनी बघितलं, आणि जसे एकमेकांच्या डोक्याकडे बघायचे तसंच बघितलं. "येतायत की," मास्तर म्हणाले. "कानापाशी दाट आहेत."

मी एक पाय गाडीत टाकला आणि जिन्यात धडधड ऐकू आली. हे. शर्टाची बटणं वरखाली, एका बुटाची नाडी लोंबती. टोपी नाही. भर उजेडात ते ठिपक्यांचं डोकं पहिल्यांदाच रस्त्यावर आलं होतं.

"मी येतो," हे म्हणाले. धाप लागली होती. "माल उतरवायला दुसऱ्याला सांगितलंय. मी येतो."

बेकरीवाले माझ्याकडे बघू लागले. मास्तर अर्धे उठले, "या कॅप्टन, इथे बसा, मी..."

"बसा मास्तर," मी म्हणाले. "तुम्ही आधी आलात." आणि यांच्याकडे न बघता म्हटलं, "मागे जागा आहे."

मागे पावाचे रिकामे ट्रे होते, एकावर एक, छतापर्यंत. यांनी मागचं दार उघडलं, ट्रे सरकवले, गुडघे पोटाशी घेऊन बसले. आत ओव्हनचा ऊबदार वास कोंडला होता. हॉस्पिटलचा वास पुढे होता आणि या वेळी त्याच्यापर्यंत यांना यायचं होतं. मी तिथे हात धरणार होते की नाही, ते मी अजून ठरवलं नव्हतं.

गाडी सुरू झाली. पहिल्याच खड्ड्याला मागे ट्रे खडखडले आणि पाठोपाठ "आई गं" ऐकू आलं.

बेकरीवाल्यांनी वेग कमी केला. "वहिनी, हळू घेऊ का? साहेबांचं डोकं आपटेल. नवीन लावलंय."

"मुळं घट्ट असतात," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलंय सगळ्यांना. तुम्ही नेहमीसारखी चालवा."