माझ्या दारावर ‘येते’ लिहिलंय

मी ‘सुलट-उलट’ बोलतेय. नाव ऐकून हसू आलं तर हसा, मला त्याची सवय आहे. विणकामाचा नमुना काढून देणारा मी संगणकातला एक प्रोग्रॅम. पडद्यावरच्या चौकोनांत तुम्ही रंग भरायचे. बदक काढा, होडी काढा, नाहीतर नुसत्या नागमोडी रेघा. मी शेजारी एकेक ओळ लिहून देते: दोन सुलट, एक उलट, तीन सुलट. सुया मात्र तुमच्या तुम्हीच चालवायच्या. मला हात नाहीत.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. माझा कर्ता एका बँकेत संगणकांची देखभाल करायचा. त्याच्या आईला विणकामाचं भारी वेड, पण आलेखाच्या कागदावरचे बारीक चौकोन तिला दिसेनासे झाले होते. ओळ चुकायची, मग उसवणं, मग चिडचिड, आणि ती सगळी निघायची मुलावर. स्वतःच्या सुटकेसाठी मी हे केलं, असं तो सांगत फिरतो. मला नाही तसं वाटत. सुटकेसाठी केलेल्या वस्तूत कुणी चौकोन इतके मोठे आणि रंग इतके डोळ्यांना गार ठेवत नाही.

आई शेजारी खुर्ची ओढून हुकूम सोडायची. एखादा नमुना पूर्वी काढलेला असेल तर आधीच सांग, म्हणाली. म्हणून मी तशा वेळी खाली लिहिते, ‘हे आधी झालंय.’ मला बंद करायच्या बटणावर कर्त्याने ‘बाहेर जा’ असं लिहिलं होतं. आईने चष्म्यावरून पाहिलं.

“घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का रे?”

त्याने मुकाट्याने ते पुसलं आणि तिथे ‘येते’ लिहिलं. त्या दिवशी मी बाईमाणूस झाले, आणि तेव्हापासून कुठल्याही पडद्यावरून उठते ती ‘येते’ म्हणूनच.

पुढे आईच्या मैत्रिणींनी मला मागून नेलं, त्यांच्याकडून त्यांच्या बहिणी-भाचींनी. आम्हा प्रोग्रॅम मंडळींचं हे एक बरं असतं, एकाच वेळी कितीतरी घरांत नांदता येतं.

कर्त्याचा स्वभाव मात्र निराळा. कुठे टाका निसटला असं कळलं की तो यायचा, उचलायचा आणि मग दोन-दोन वर्षं फिरकायचा नाही. त्याच्या लेखी मी विणून झालेला स्वेटर होते, आणि विणून झालेल्या स्वेटरला रोज सुया कोण लावतं? तशाच एका खेपेला त्याने माझ्या माहितीच्या पानावर लिहून ठेवलं, ‘ही शेवटची आवृत्ती आहे. काही अडलं तर फोन करा.’ खाली घरचा नंबर दिला आणि तो निर्धास्त झाला.

त्या एका ‘शेवटची’ने काय काय केलं, ते आता सांगते.

मला वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. माझ्या शेजारच्याच खिडकीत तो उघडा असायचा, त्यामुळे सगळं माझ्या कानावर यायचं. पूर्वी तिथे लोकरीच्या, मापांच्या गप्पा चालत. ‘शेवटची’ वाचल्यापासून मात्र सगळे माझं भविष्य सांगायला बसले. कुणी म्हणे मालकाने मला मोठ्या कंपनीला विकलं. कुणी म्हणे तो परदेशी गेला. एकदा मदतीच्या पानावरचा चुकलेला काना कुणीतरी नीट केलेला दिसला, तर महिनाभर त्या कान्यावर चर्चा झाली. ज्याने काना दिला तो अजून आहे, म्हणजे काहीतरी शिजतंय. नंतर काहीच शिजलं नाही, तेव्हा बिचाऱ्याला मारूनही टाकलं. या सगळ्यांत पुढे असायचा ‘गुंता’. त्याने नावच तसं घेतलं होतं. “ही बंद पडणार. आज ना उद्या. आपापली सोय बघा,” हे त्याचं पालुपद. वाईट मनाचा नव्हता तो. आधीच दुःख करून ठेवलं की नंतर कमी होतं, असा त्याचा हिशोब.

या गलबल्यात एक बाई फार कमी बोलायची. कट्ट्यावर तिला टोपीमावशी म्हणत. तिची नात दिवस भरायच्या आत जन्मली होती. इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवली होती, वीतभर जीव, डोक्याला इस्पितळाची पांढरी टोपी. मावशी त्या काचेबाहेर उभी राहून देवाला म्हणाली, ही घरी आली तर या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाळाला मी माझ्या हातची टोपी देईन, आणि एकीसारखी दुसरी करणार नाही. तू एकासारखं दुसरं लेकरू पाठवत नाहीस, मग मी तरी टोप्या सारख्या का कराव्यात?

नात घरी आली. आता ती दंगा करते म्हणून घरचे ओरडतात. मावशीचा नेम मात्र चालूच राहिला. दर गुरुवारी ती टोप्या घेऊन इस्पितळात जायची. नवा नमुना मांडला की श्वास रोखून माझ्याकडे बघायची. मी गप्प राहिले की तिचा चेहरा उजळायचा. ‘हे आधी झालंय’ असं म्हटलं, तर “बरं बाई” म्हणून ती बदकाला टोपी घालायची, होडीला शीड लावायची, आणि पुन्हा बघायची. तिचे सगळे नमुने माझ्यापाशी होते आणि माझ्याशिवाय ते कुणालाच वाचता येत नव्हते.

मग तिचा संगणक म्हातारा झाला. सुरू होताना किसणीवर काही घासल्यासारखा आवाज करायचा, मध्येच पडदा काळा व्हायचा. मुलाने हौसेने नवा आणला. त्यावर मला बसवायला गेला, तर त्या नव्या यंत्राने सरळ सांगितलं की हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही. मी उंबऱ्याबाहेरच राहिले.

“आई, ते जुनं झालं आता. दुसरं काहीतरी घे,” मुलगा म्हणाला.

“दुसऱ्याला माझ्या जुन्या टोप्या माहीत आहेत का?”

मावशीने कट्ट्यावर विचारलं. गुंता म्हणाला, मी सांगत होतो. बाकीच्यांनी हळहळ केली आणि ते पुन्हा अंदाज बांधायला लागले. मावशीने जुन्या संगणकावर मला उघडलं. माहितीचं पान बराच वेळ वाचलं. मग मला बंद करायला गेली आणि बटणावर तिचं बोट थांबलं.

“कमाल आहे,” ती माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाली. “आत म्हणतेस शेवटची, आणि दारावर लिहितेस येते. दोन्ही कसं खरं असेल?”

आणि तिने तिथला नंबर फिरवला. इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. तो नंबर बंद असणार, हाही एक अंदाजच होता.

पलीकडची घंटा मला नीट ऐकू आली, कारण कर्त्याच्या घरी फोन आणि संगणक एकाच टेबलावर असतात. फोन त्याच्या आईने उचलला.

“‘सुलट-उलट’वाल्यांचं घर ना? ते… ते बरे आहेत ना?” मावशीने चाचरत विचारलं.

“कोण, माझा मुलगा? आंघोळीला गेलाय. का हो?”

कट्ट्याने ज्याला केव्हाच पोचवून ठेवलं होतं, तो आंघोळीला गेला होता. मावशी हसायला लागली, आणि का हसतेय ते कळल्यावर पलीकडची आईही हसली. मग दोघी लोकरीवर घसरल्या. कर्ता टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला, तेव्हा कुठे त्याला फोन मिळाला.

“शेवटची म्हणजे सगळ्यात अलीकडची,” तो गोंधळून म्हणाला. “दुसरं काय असणार?”

“अहो, आम्ही शेवटची म्हणजे शेवटचीच समजलो.”

तो ओशाळला. पण नव्या यंत्राचं ऐकल्यावर त्याचा आवाज मागे सरकला. हे नवे संगणक मला कळत नाहीत, म्हणाला. मी नोकरी सोडली, हात बसलाय जुन्यावर. “आणि मावशी, ते झालेलं काम आहे. उसवलं आणि परत जमलं नाही, तर आहे तेही जाईल.”

मावशीने वाद घातला नाही. काचेच्या पेटीबद्दल सांगितलं, नेमाबद्दल सांगितलं, आणि म्हणाली, “बरं. मी पुढच्या गुरुवारी फोन करते.”

“कशाला?”

“तुम्ही कामाला बसलात का ते विचारायला.”

तिने केला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही केला. इस्पितळातून आली की चप्पल काढायच्या आधी फोन. कधी रागावली नाही, कधी रडली नाही. बसलात का? नाही? बरं, आईंना द्या. एका नेमाच्या शेजारी तिने दुसरा नेम मांडला होता, आणि नेमाच्या बाईला घाई नसते, हे कर्त्याला हळूहळू कळत होतं.

मधल्या काळात जुना संगणक थांबला, आणि त्या घरातला माझा आवाजही. तिचे नमुने तेवढे मुलाने आधीच नव्या संगणकावर उतरवून ठेवले होते. पुढचं मी कर्त्याच्या घरी, फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं. इस्पितळातली बाळं काही थांबली नव्हती. सिस्टर म्हणाली, साध्या पांढऱ्या टोप्या आहेत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मावशीने मनाला लावून घेतलं नाही, सुया घेतल्या. टोपीचा खालचा काठ सगळ्या टोप्यांना सारखाच असतो, एक सुलट एक उलट, त्याला नमुना लागत नाही. येणाऱ्या प्रत्येक बाळाचा काठ ती विणायची आणि टाके जाड दोऱ्यात ओवून ठेवून द्यायची. खिडकीच्या कठड्यावर काठांची रांग लागली. वर डोकं नसलेल्या टोप्या. नात विचारायची, यांचं पुढे कुठे गेलं? मावशी म्हणायची, येतंय.

हे कर्त्याच्या आईला कळलं त्या दिवशी तिने जेवताना एवढंच म्हटलं, “टाके दोऱ्यात अडकवून बसलेल्या बाईला असं ताटकळत ठेवत नाहीत.”

तो ताट तसंच ठेवून उठला नाही. नीट जेवला, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसला.

मला उसवलं. खोटं कशाला बोलू, मी भ्याले. एकेक ओळ सुटत गेली. काही ओळी त्याच्याच, पण त्यालाच आठवेनात. तो शिकत होता, चुकत होता, टेबलावर डोकं टेकत होता. आई शेजारी खुर्ची ओढून बसायची. पडद्यावरचं तिला आता काही दिसत नव्हतं, पण ती उठायची नाही. एकदा मी जमले असं वाटलं आणि त्याने मला मावशीच्या नव्या संगणकावर पाठवलं. मावशीने बदकाची टोपी विणली. बदक शेपटीकडून पोहत होतं. मी ओळी उलट्या दिशेने सांगत होते.

“अहो, बदक मागे चाललंय,” मावशी फोनवर म्हणाली.

“उसवा ती. मी दुरुस्त करतो.”

“दुरुस्त तुम्ही करा. टोपी मी देऊन आले. त्या बाळाचं बदक पोहतंय ना, झालं तर. आणि असं बदक आधी झालेलंही नाही.”

त्यानंतर तो जे बसला, ते काम पुरं करूनच उठला. शेवटी त्याने माहितीचं पान उघडलं. ‘शेवटची’ हा शब्द पुसला. काय लिहावं याचा विचार करत राहिला, तेवढ्यात आई म्हणाली, “आत्ताची लिही.” त्याने लिहिलं: ‘ही आत्ताची आवृत्ती आहे. काही अडलं तर फोन करा.’ नंबर ठळक केला.

कट्ट्यावर पुन्हा गलका झाला. ‘आत्ताची’चा अर्थ काय? म्हणजे नंतरची येणार? का ‘आत्ताची’ म्हणजे आत्तापुरतीच? गुंत्याने त्यावर भला मोठा मजकूर लिहिला. मावशीने खाली दोन शब्द टाकले: फोन करा.

त्याने खरंच केला. उचलला अर्थातच आईने. हिचं पुढे काय होणार, ही किती वर्षं चालेल, असं तो विचारायला लागला. आईने सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही सध्या काय विणताय?” तिने विचारलं.

तो खालच्या आवाजात म्हणाला की बरेच दिवस काही विणलेलं नाही, कट्ट्यावर वाचण्यातच वेळ जातो.

“मग आधी दहा टाके घाला,” आई म्हणाली, “आणि पुढच्या गुरुवारी फोन करा. मावशींच्या नंतर.”

तर अशी मी. नवी आहे म्हणून मिरवत नाही, माझे जुनेच चौकोन आणि जुनेच गार रंग आहेत. उद्या आणखी नवं यंत्र येईल, आणि तेही मला उंबऱ्याबाहेर ठेवील. तेव्हा पुन्हा उसवून घ्यायची माझी तयारी आहे. कर्त्याचीही आहे, कारण गुरुवारचा फोन अजून चुकलेला नाही. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. माझी काळजी करत बसलात तर माझ्याकडून तुम्हाला काहीच मिळणार नाही. चौकोन मांडा, रंग भरा, माझं एखादं चुकलं तर सांगा. नंबर दिलेला आहे.

मावशीच्या खिडकीतले काठ आता एकेक करून भरत आलेत. आत्ताच तिने होडीवर चांदणी काढली आणि श्वास रोखून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. ती हसली, लोकर उचलली आणि बटणावर बोट ठेवलं.

येते.